पडलेल्या झाडांची दिशा

विदर्भाच्या उन्हाळ्याची ओळख बाहेरच्या माणसाला तापमानाच्या आकड्यांतून होते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावे एप्रिल-मे महिन्यांत देशभरच्या बातम्यांत झळकतात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या मुलींची छायाचित्रे छापून येतात, आणि त्यापलीकडे या उन्हाळ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याचे बगीचे राखून जगणारी माणसे. उन्हाची आम्हाला पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. कामाच्या वेळा आम्ही उन्हाप्रमाणे बदलतो आणि दुपारी बारा ते चार वावरात कोणी दिसत नाही. आम्हाला धास्ती वाटते ती ऊन उतरायला लागल्यावर सातपुड्याच्या अंगाने जे चढून येते त्याची.

ते येण्याआधी हवा पूर्ण थांबते. लिंबाचे, म्हणजे कडुनिंबाचे, पान हलत नाही, कोठ्यातली जनावरे उगाच दावे ओढू लागतात, आणि डोंगराच्या माथ्यावर पांढराशुभ्र असलेला ढग अर्ध्या तासात जांभळट काळा होतो. मग धुळीची एक भिंतच रस्त्यावरून चालत येते. वारा जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असतो. तेवढ्या वेळात घरावरची टिनपत्रे तिसऱ्या गल्लीत जाऊन पडतात, विजेचे खांब वाकतात, तुराट्यांच्या गंज्या उधळतात, आणि धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, साग मुळांसकट आडवे होतात. पाऊस मात्र पुष्कळदा रुपयाएवढ्या मोजक्या थेंबांचा असतो. मातीचा वास सुटेपर्यंत तो थांबलेलाही असतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘तालुक्याला अवकाळीने झोडपले’ अशा तीन ओळी येतात, आणि जे घडले त्याचा लेखी पुरावा एवढाच उरतो.

पाऊस इतका थोडा आणि वारा इतका बेफाम का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. त्याचे उत्तर हवेच्या कोरडेपणात आहे. उन्हाळ्यात बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट वारा आणि वायव्येकडून येणारा कोरडा, तापलेला वारा विदर्भाच्या आसपास एकमेकांना भेटतात, आणि खालची जमीन तव्यासारखी तापलेली असल्याने हवा वेगाने वर उसळून काही तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचे गडगडाटी ढग उभे राहतात. मात्र या ढगांचा तळ आपल्याकडे जमिनीपासून बराच उंच असतो. त्यातून पडणारे पाणी खालच्या कोरड्या हवेतून येताना वाटेतच वाळते. पाणी वाळताना भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेते, ती हवा थंड आणि जड होते, आणि मग सगळीच्या सगळी खाली कोसळते. जमिनीवर आपटल्यावर तिला जायला दुसरी जागा नसते म्हणून ती चहूबाजूंना पसरते. आम्ही ज्याला वादळी वारा म्हणतो तो बहुतेक वेळा हा आपटून पसरलेला वारा असतो. पाऊस कमी पडला म्हणून वादळ लहान होते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे, कारण न पडलेल्या पावसानेच त्या वाऱ्याला जोर दिलेला असतो.

हे सारे मला पुस्तकांतून कळले. पण पुस्तकाआधी ते मला आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, बगीचात उभे राहून दाखवले होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात असेच एक वादळ येऊन गेले आणि आमच्या बगीचाच्या मधल्या भागातली फळावर असलेली मोठी झाडे पडली. सकाळी सगळे घर तिथे गोळा झाले होते. मोठी आई पदर तोंडाशी धरून उभी होती, सालदार फांद्या ओढायला लागला होता, आणि मोठे बाबा मात्र कोणाशी काही न बोलता झाडाझाडाजवळ जाऊन ते कोणीकडे पडले आहे एवढेच पाहत होते. विहिरीकडची झाडे विहिरीच्या दिशेने पडली होती, नाल्याकडची नाल्याच्या दिशेने, रस्त्यालगतची रस्त्यावर. आणि या सगळ्यांच्या मधोमध दोन-तीन झाडे पाला पार झडून गेलेली, फांद्या मोडलेल्या, पण बुंध्यावर सरळ उभी होती. ती पाहून ते मला म्हणाले, “हे पाय गा, इकडची झाडं इकडं पडली अन् तिकडची तिकडं. वारं आडवं नाही आलं. वरून पडलं, बाप्पा.”

पुढे टेटसुया फुजिता या शास्त्रज्ञाविषयी वाचताना मला त्या सकाळची आठवण होऊन अंगावर काटा आला. १९२० मध्ये जपानच्या क्युशू बेटावर जन्मलेल्या या माणसाने नागासाकीवर अणुबाँब पडल्यानंतर तिथल्या विध्वंसाची पाहणी केली होती. स्फोटाच्या थेट खालची झाडे उभी राहिली होती आणि दूरची बाहेरच्या बाजूला आडवी झाली होती, हे त्याने तिथे पाहिले. नंतर तो शिकागो विद्यापीठात गेला आणि चक्रीवातांचा, म्हणजे टोर्नेडोंचा, अभ्यास हेच त्याचे आयुष्य झाले. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेच्या १३ राज्यांत एका दिवसाच्या आत १४८ टोर्नेडो झाले, तेव्हा विमानातून पाहणी करताना एका जंगलात त्याला झाडे एका केंद्रापासून बाहेर, ताऱ्याच्या किरणांसारखी पडलेली दिसली. फिरत्या वाऱ्याने झाडे अशी पडत नाहीत. इथे हवा वरून कोसळली असली पाहिजे असे त्याने ताडले. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरणारे एक विमान वादळात कोसळून ११३ माणसे गेली, आणि त्या अपघातामागे अशीच वरून आदळणारी हवा होती हे फुजिताने मांडले. सुरुवातीला त्याचे म्हणणे अनेकांना पटले नव्हते. आज जगभरच्या मोठ्या विमानतळांवर अशा वाऱ्याची सूचना देणारी यंत्रे आहेत, आणि त्यांच्या मुळाशी पडलेल्या झाडांकडे बारकाईने पाहणारी एका माणसाची नजर आहे.

वादळ येऊन गेल्यावर ते कोणत्या जातीचे होते हे सांगणारी ही लिपी वाचायला कठीण नाही. झाडे दूरवर एकाच दिशेने झोपली असतील तर वारा सरळ आडवा आला. पंख्यासारखी बाहेरच्या बाजूला पडली असतील तर तो वरून कोसळला. आणि अरुंद पट्ट्यात झाडे एकमेकांवर आडवीतिडवी, आतल्या बाजूला वळून पडली असतील, बुंधे पिळवटले असतील, तर तो फिरता वारा होता. शेवटच्या प्रकाराची एकच आठवण आमच्या घरात आहे, आणि तीही आजीच्या तोंडची. तिच्या तरुणपणी वर्धा नदीच्या काठाने एका संध्याकाळी ‘हत्तीच्या सोंडेवाणी’ काहीतरी ढगातून उतरले, पलीकडच्या वावरातल्या बाभळी दोरीला पीळ द्यावा तशा पिळून टाकल्या, एक बंडी, म्हणजे बैलगाडी, उचलून नाल्यात फेकली, आणि दोन वावरे सोडून ठेवलेल्या कडब्याच्या पेंडीला हातही लावला नाही. ती हे सांगताना दर वेळी हाताने तो पीळ दाखवायची. लोक तिला म्हणत, म्हातारे, वावटळ पाहिली असशील. पण चैत्र-वैशाखाच्या निरभ्र दुपारी वावरातून कचरा आणि पालापाचोळा गोल फिरवत जाणारी वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, तिला ढग लागत नाही, आणि बाभूळ पिळण्याचे बळ तिच्यात नसते. आजीने सांगितलेले ढगातून खाली आले होते. मला तिचे म्हणणे खरे वाटते.

टोर्नेडो हा अमेरिकेच्याच वाट्याला आलेला प्रकार आहे असे आपल्याकडे समजतात. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि रॉकी पर्वतावरून उतरणारी कोरडी हवा यांच्या गाठीभेटीने तिथे वर्षाला सरासरी १,२०० च्या आसपास टोर्नेडो होतात हे खरे आहे; पण जगातला सर्वात जीवघेणा टोर्नेडो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात झाला आणि त्यात सुमारे १,३०० माणसे गेली. आपल्या देशात २४ मार्च २०२३ रोजी पंजाबमधल्या फाजिल्का जिल्ह्यातल्या एका गावावरून आणि ३१ मार्च २०२४ रोजी उत्तर बंगालमधल्या मैनागुडीवरून असे वादळ गेले. या दोन्ही घटना जगाला कळल्या, कारण गावातल्या माणसांनी मोबाइलवर त्यांचे चित्रण केले. आमच्या आजीच्या हातात मोबाइल नव्हता. विदर्भात ढगांचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असल्यामुळे अशा वादळाला जमिनीपर्यंत उतरणे अवघड जाते, म्हणून ते इथे दुर्मीळ आहे. दुर्मीळ गोष्ट घडते तेव्हा ती लिहून ठेवणारे कोणीतरी तिथे असावे लागते, आणि माझी सारी तळमळ याच एका गोष्टीसाठी आहे.

गारपिटीबद्दल लिहिताना हात जड होतो. संत्र्याच्या झाडाला आमच्याकडे दोन बहार घेतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात आणि त्याच दिवसांत आंबिया बहाराची फुले व बारीक फळे झाडावर असतात. म्हणजे गार पडण्याचा जो हमखास काळ, त्याच काळात एका बगीचाचे तयार पीक आणि दुसऱ्या बगीचाचे येणारे पीक उघड्यावर टांगलेले असते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर थांबून थांबून गारा पडत राहिल्या. पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ च्या सकाळी मराठवाड्यापासून पश्चिम विदर्भापर्यंत गारांनी हरभरा, गहू आणि संत्रा भुईसपाट केला. मे महिन्यात ढग मोठे असूनही गारा वाटेत वितळतात. फेब्रुवारीत हवेचा गोठणबिंदू ज्या उंचीवर असतो ती उंची कमी असते, त्यामुळे त्या अख्ख्या खाली पोहोचतात.

गार लागलेले संत्रे पहिल्या दिवशी फसवते. सालीवर नखाने दाबल्यासारखा एक ओलसर, गडद ठिपका असतो, बाकी फळ तजेलदार असते, आणि जमिनीवर सांडलेल्या सालीच्या तेलाचा इतका गोड वास बगीचाभर सुटलेला असतो की परक्याला वाटावे इथे काही चांगले घडले आहे. दुसऱ्या दिवशी ठिपका तपकिरी होतो. तिसऱ्या दिवशी तिथली साल आत बसते आणि कडेने हिरवट पांढरी बुरशी धरते. मग देठ सुटतो, आणि रात्रीच्या शांततेत फळे पडण्याचे थप थप असे आवाज घरापर्यंत ऐकू येतात. ज्या व्यापाऱ्याने इसार देऊन उभा बगीचा घेतलेला असतो तो फोन उचलत नाही. आमच्यावरही ही वेळ आली आहे, आणि इसाराच्या चिठ्ठीवर गारपिटीविषयी एक शब्द नसल्याने आमच्या हाती भांडायला काही नव्हते. फांद्यांवर झालेल्या जखमांतून रोग शिरू नये म्हणून मोडलेल्या फांद्या छाटून मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी यांची १:१:१० प्रमाणातली बोर्डो पेस्ट लावायची, हे काम त्याच आठवड्यात करावे लागते. ज्या हातांनी फळे तोडायची त्या हातांनी आम्ही जखमा लिंपत होतो. हे काम टाळू नये, एवढे मी प्रत्येक बगीचावाल्याला हात जोडून सांगेन. त्या वर्षीचे पीक गेलेले असते, पण झाड पुढची अनेक वर्षे राहायचे असते.

गारेचा पट्टा अरुंद असतो, कधी काहीशे मीटर, कधी काही किलोमीटर. आमचा बगीचा झोडपला गेला तेव्हा नाल्यापलीकडच्या बगीचात गारेचा खडाही नव्हता. महसूल मंडळाला एक हवामान केंद्र, आणि मंडळात अनेक गावे. केंद्र गारांच्या पट्ट्याबाहेर असेल तर त्याच्या नोंदीत तो दिवस साधा दिवस ठरतो. नागपूरच्या रडारचेही तसेच. आमचा भाग तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सर्वात खालचा किरणसुद्धा आमच्या डोक्यावरून दीड किलोमीटरहून अधिक उंचीने जातो. ढग त्याला दिसतो, ढगाखाली बगीचात काय झाले ते दिसत नाही. विम्यासाठी नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे असते आणि पंचनाम्यात नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की नाही हे ठरते. तलाठी आणि कृषी सहायक उन्हातान्हात फिरून हे काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंचनामा क्षेत्र, पीक आणि टक्केवारी विचारतो. वारा कोणत्या दिशेने आला, किती वाजता आला, गार केवढी होती, हे विचारायला त्यात रकाना नसतो.

माणसे जातात ती मात्र विजेने. देशात दर वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि त्यातली बहुतेक वावरात असतात. आमच्या गावातली एक बाई मृगाच्या तोंडावर सरकी टोबायला, म्हणजे कपाशीचे बी लावायला, गेली होती; पाऊस सुरू झाला म्हणून धुऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन बसली, आणि तिथेच गेली. तिच्या डब्यातली भाकर तशीच फडक्यात बांधलेली होती. पाऊस आला की झाडाखाली जायचे, हे आमच्या अंगवळणी पडलेले असते, कारण उन्हात तेच झाड आई असते. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते: विजेचा लखलखाट आणि कडकडाट यांच्यामध्ये तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर आहे, तीस सेकंदांच्या आत कडकडाट आला तर काम टाकून पक्क्या घरात जायचे, आणि शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. घर जवळ नसेल तर एकट्या झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे झोपायचे नाही. वीज जमिनीत शिरल्यावर आजूबाजूला पसरते आणि दोन पायांत अंतर असेल तर एका पायातून दुसऱ्या पायात जाते. झाडापासून दूर उभे असलेले बैल चार पायांमुळेच मरतात. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावता येतो, लावलाच पाहिजे. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला तत्काळ सुरुवात करावी. वीज लागलेल्याला शेणात पुरून ठेवतात, त्यात जी मिनिटे जातात त्या मिनिटांत तो वाचू शकतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरांतल्या विजांची सूचना देते आणि ते कामाचे आहे. मात्र निंदायला गेलेल्या बायांपैकी किती जणींजवळ मोबाइल असतो, आणि असला तरी नाल्याच्या खोलगटात त्याला नेटवर्क असते का, हे पाहायला हवे. आमच्याकडे आता ज्याच्या घरी बाया कामाला असतात त्याने दुपारनंतर मोबाइल पाहायचा आणि ढग जवळ आले की वावरात निरोप पोहोचवायचा, असे काही घरांनी ठरवले आहे. हे ठरवायला एक जीव जावा लागला याचे मला फार वाईट वाटते.

झाड आणि टिनाचे छप्पर एकत्र आले की काय होते ते ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस गावाने पाहिले. मंदिरात आलेले भाविक वादळ सुटले म्हणून टिनाच्या शेडखाली थांबले होते; शेजारचा जुना, प्रचंड लिंब त्या शेडवर कोसळला आणि सात जण गेले. मी त्या गावात नंतर गेलो नाही, पण आमच्या गावातल्या देवळाजवळ आणि शाळेजवळ उभ्या असलेल्या लिंबांच्या बुंध्याची पोकळी तेव्हापासून आम्ही दर वर्षी होळीच्या आधी तपासून घेतो. झाड तोडावे असे माझे म्हणणे नाही. वाळलेल्या फांद्या उतरवाव्यात आणि वादळात त्याखाली कोणी थांबू नये.

मोठे बाबा दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वादळांची नोंद करत असत. ‘वारं सातपुड्याकून, गार बोरायेवढी, पाच वाजता, खांब दोन पडले’ अशा त्या ओळी आहेत. त्यांतल्या कित्येक तारखांना सरकारदरबारी काहीच घडलेले नाही. आता मी तेच काम वहीत करतो आणि शेजारच्या गावांतल्या काही बगीचावाल्यांनाही सांगितले आहे. विदर्भातल्या ज्या वाचकाच्या गावावरून पुढचे वावधन, म्हणजे वादळ, जाईल त्याला माझी विनंती आहे की पडलेल्या झाडांना कुऱ्हाड लावण्याआधी बगीचाच्या चारी कोपऱ्यांवरून छायाचित्रे घ्यावीत, मोबाइलमधल्या होकायंत्राने प्रत्येक ओळीतल्या एका झाडाची दिशा लिहावी, गार रुपयाच्या नाण्याजवळ ठेवून टिपावी, आणि वारा सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ घड्याळात पाहून नोंदवावी. वेळ बरोबर असली तर ती रडारच्या चित्राशी जुळवता येते. त्या पानाची एक प्रत पंचनाम्याला जोडून द्यावी. तलाठ्याने घेतली नाही तरी तिच्यावर तारीख टाकून ती घरात ठेवावी.